सगळ्यांचा कॉम्प्युटर

आमच्या घरात चार वस्तू सगळ्यांच्या आहेत: फ्रिज, टीव्ही, इस्त्री आणि माझा कॉम्प्युटर. पहिल्या तिन्हींबद्दल माझी काही तक्रार नाही. चौथा मात्र मी दोन वर्षांपूर्वी माझी जुनी ठेव मोडून घेतला होता, दुकानात तीन तास बसून, एकेक भाग स्वतः निवडून. दुकानदार सारखा माझ्या नवऱ्याकडे बघून विचारत होता आणि उत्तरं मी देत होते. घरी आणला त्या दिवशी सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो घरचा झाला. म्हणजे मी सोडून सगळ्यांचा.

इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत प्रिंटर असलेलं घर आमचं एकच. त्यामुळे कुणाचं हॉल तिकीट, कुणाच्या आधारची प्रत, कुणाच्या तरी भाच्याचा बायोडाटा, सगळं आमच्याकडे. त्यात सायखेड्याहून येणारे माझे धाकटे दीर. तिकडे त्यांची शेती आहे, टोमॅटो आणि ढोबळी मिरची, आणि सरकारी पोर्टलवर जेवढे म्हणून अर्ज निघतात ते सगळे ते आमच्या मागच्या खोलीत बसून भरतात. सायखेड्यात सेवा केंद्र आहे. पण घरचा कॉम्प्युटर असताना बाहेर कशाला जायचं, हे सासूबाईंचं म्हणणं, आणि आमच्या घरात त्यांचं म्हणणं म्हणजे मंजूर ठराव. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण मला शाळेत पाठ होती, कळली लग्नानंतर.

मी रागीट आहे असं माहेरी म्हणायचे. सासरी कुणी म्हणत नाही, कारण तेरा वर्षं मी राग गिळला. हे लिहिताना मात्र गिळणार नाही. बोलताना मी नवऱ्याला अहोजाहो करते, इथे तेही करणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी नोकरीत होते. कंपनीचे सर्व्हर सांभाळायचं काम होतं, आणि ते मला चांगलं यायचं. मग मुलगी झाली, पाठोपाठ सासऱ्यांनी अंथरूण धरलं, आणि थोडे दिवस म्हणून मी राजीनामा दिला. सासरे गेले, मुलगी चौथीत गेली, थोडे दिवस काही संपले नाहीत. गेल्या वर्षी मी दुपारची भांडी आवरली की मागच्या खोलीत बसून पुन्हा शिकायला लागले. माझ्या वेळी एका सर्व्हरवर एक काम असायचं. आता सगळं कंटेनरमध्ये चालतं. कंटेनर म्हणजे साधा डबा म्हणा: प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र भरलेलं, कुठल्याही मशीनवर न्या आणि उघडा. आणि क्लस्टर म्हणजे असे डबे वाटून घेणारी अनेक मशीन. एक मुख्य मशीन कामं वाटतं, बाकीची करतात. एखादं बंद पडलं तर त्याच्यावरची कामं उरलेल्यांकडे जातात आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले होते. कुणीतरी आजारी पडलं तर त्याचं काम दुसरा न सांगता उचलतो, अशी व्यवस्था जगात आहे, ती फक्त आमच्या घरापर्यंत पोचलेली नव्हती.

मी वीस-बावीस ठिकाणी अर्ज केले. एकोणीस ठिकाणांहून उत्तरच नाही. शेवटी पुण्यातल्या एका कंपनीने कळवलं की तुमच्या कामातला खंड मोठा आहे, पण आम्ही एक संधी देतो. घरूनच करायचं काम होतं. अट अशी: स्वतःच्या कॉम्प्युटरवर, तयार पॅकेज न वापरता, पहिल्यापासून क्लस्टर उभा करायचा, आणि पुढच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता तो चालू स्थितीत ऑनलाइन दाखवायचा. दहा दिवस होते. मी नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. नवरा म्हणाला, "कर की." सासूबाई म्हणाल्या, "स्वयंपाक आवरून कर."

एका कॉम्प्युटरवर अनेक मशीन कशी, असं कुणाला वाटेल. कॉम्प्युटरच्या आत खोटी मशीन तयार करता येतात. त्यांना आपलीच थोडी थोडी मेमरी आणि डिस्क वाटून द्यायची, की ती आपल्याला खरीच समजतात. मी तीन केली. एक मुख्य, दोन कामकरी. सोळा जीबी मेमरीत तिघांना बसवायचं आणि वर कॉम्प्युटरला स्वतःलाही श्वास घेऊ द्यायचा, म्हणजे एका पापलेटात सहा माणसं जेवू घालायची. पहिला दिवस तर मशीन सुरूच होत नव्हती. मग कळलं, कॉम्प्युटर चालू होतानाच्या त्या निळ्या पाटीत एक सोय बंद ठेवलेली असते, ती उघडावी लागते. दुसरा दिवस इंटरनेटने खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिन्ही मशीन उभी राहिली, पण एकमेकांना ओळखेनात. चौथ्या दिवशी ओळखायला लागली.

आणि पाचव्या दिवशी सकाळी मुख्य मशीन मेलेलं. आदल्या दिवशी मी चांगलं चालतं सोडून उठले होते. शोधलं, दोन तास शोधलं. क्लस्टर चालवायचा तर मशीनने डिस्कचा मेमरीसारखा वापर करणं बंद ठेवावं लागतं. मी ते बंद केलं होतं, पण कायमचं केलं नव्हतं. मशीन बंद होऊन परत सुरू झालं की ते आपोआप पूर्ववत होतं, आणि क्लस्टर रुसून बसतो. चूक माझी. पण मशीन बंद कुणी केलं? सासूबाई म्हणाल्या, "मी केला बंद. रातभर त्याचा दिवा जळत होता, बटण दाबलं. करंट फुकटचा येतो का?"

मी कायमचं बंद करायची ओळ लिहिली आणि वहीत नोंदवली.

ही वही सांगायला हवी. माझ्या मुलीची मागच्या वर्षीची अर्धी कोरी राहिलेली दुरेघी वही मी घेतली होती आणि त्यात एकेक आज्ञा हाताने लिहीत होते. कॉम्प्युटरवर लिहिलेलं टिकेल याची मला खात्री नव्हती. आमच्याकडे कुणीही येऊन बसतं, कुणीही काहीही मिटवतं. एखादी बाई पिठाचा डबा उंच फळीवर ठेवते तशी मी ती वही तांदळाच्या पिंपामागे ठेवायचे. आमच्याकडे कामाच्या गोष्टी अशाच वाचतात.

बुधवारपर्यंत सगळं चाललं. एक छोटा प्रोग्राम मी स्वतः लिहिला, तो डब्यात भरला, त्याच्या तीन प्रती क्लस्टरवर सोडल्या. यादीत तिन्ही मशीनपुढे तयार, तयार, तयार असं आलं. मी एकटीच होते खोलीत. मी टाळी वाजवली, खरंच वाजवली, आणि मग लाजले. बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, "झालं सगळं." तो क्रिकेट बघत होता. म्हणाला, "छान. चहा टाकतेस?"

गुरुवारी सकाळी सासूबाईंची डोळ्यांची तपासणी होती. मोतीबिंदू पिकलाय का ते बघायचं होतं. नवऱ्याची दुसरी पाळी, ओझरला कारखान्यात दुपारी जायचं, म्हणजे सकाळभर तो घरी. तरी दवाखान्यात मीच गेले, कारण त्याला तिथलं काही कळत नाही म्हणे. डोळ्यांत थेंब घालून तासभर बसवलं, मग आत घेतलं, मग चष्म्याचं. आम्ही साडेबाराला परत आलो. खाली दिरांची मोटरसायकल दिसली.

ते मागच्या खोलीत माझ्या खुर्चीत बसले होते. शेजारी नवरा स्टुलावर, दोघांच्या हातात चहा. म्हणजे चहा करता येतो, हेही त्या दिवशी कळलं.

"या वहिनी," दीर म्हणाले. "शेडनेटच्या अनुदानाचा अर्ज हाय, उद्याची लास्ट डेट. झालाच बघा आता."

पडद्यावर नुसतं पोर्टल. माझ्या काळ्या खिडक्या कुठेच नव्हत्या. मी विचारलं, "इथे चालू होतं ते कुठे आहे?"

"त्या काळ्या खिडक्या व्हय? त्या बंद केल्या. लय हँग मारत होता कॉम्प्युटर." मग त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं, "आन् वहिनी, डिस्क पार लाल झाली होती. पीडीएफ उतरंना. मग मी शोधलं, जागा कोण खातंय. तीन फाइली निघाल्या, ह्या एवढ्या मोठ्या. ना फोटो ना व्हिडिओ. नावं पण धड नाय. दिल्या उडवून. आता कसा मोकळा झाला बघा!"



याचं मूळ मला माहीत आहे. आमच्या सगळ्या कुटुंबात ही एक रोजची पूजा आहे. सकाळी उठायचं, मोबाइलमध्ये आलेली फुलं, देव, सुप्रभात, नातवंडांचे नाच बघायचे, आणि मग जागा भरली म्हणून सगळ्यात मोठं जे असेल ते उडवायचं. सासूबाईंनाही येतं. दीर तर त्यात पटाईत. मोठं आहे, ओळखीचं नाही, म्हणजे कचरा. ती माझी तीन मशीन होती. तीन मशीनच्या तीन डिस्का.

कचऱ्याच्या पेटीत तरी असतील म्हणून मी बघितलं. नव्हत्या. पेटीत न मावणारी फाइल असेल तर कॉम्प्युटर विचारतो, कायमची काढू का. त्याने तीनदा विचारलं असणार. दिरांनी तीनदा हो म्हटलं.

मी नवऱ्याकडे वळले. "तुम्ही इथेच बसला होतात ना?"

"हो, पण मला काय माहीत त्यात काय आहे?"

"मी दहा दिवस काय करतेय ते माहीत नाही?"

तेव्हा तो जे म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आवाजात काही वाईटपणा नव्हता, समजूत घातल्यासारखा म्हणाला, "अगं, तू रोज तेच तेच काहीतरी लिहीत होतीस. मला वाटलं, नुसती शिकतेयस. महत्त्वाचं असेल असं वाटलं नाही."

"तुला कळत नाही का?" मी ओरडले. "उद्या चार वाजता माझी मुलाखत आहे! तुला सांगितलं होतं मी! तुझ्यासमोर उभी राहून सांगितलं होतं!"

 दिरांनी चहाचा कप खाली ठेवला. आणि दारातून, डोळ्यांवर काळा चष्मा लावलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, नवऱ्याला अरेतुरे? धाकट्या दिरासमोर?"

तीन मशीन गेली त्याचं कुणाला काही नव्हतं. पुढची दहा मिनिटं फक्त त्या 'तू'बद्दल बोलणं झालं. मी माहेरी काय शिकले, शेजारी काय ऐकतील, दिराला काय वाटलं असेल. दीर बिचारे म्हणत होते, "जाऊ द्या आई, मला काय नाय वाटलं." मी म्हणाले, "भाऊजी, तुम्ही निघा आता." ते निघाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरही तसा चोर नव्हता, आणि फाशी मात्र मला.

त्या दिवशी मी जेवण वाढलं नाही. नवऱ्याने सकाळची पोळीभाजी स्वतः घेतली आणि तो पाळीला गेला. मी तांदळाच्या पिंपामागून वही काढली.

पहिल्या वेळी चार दिवस लागलेलं बहुतेक काम त्या वहीवरून साडेचार तासांत झालं. एक ओळ वाचायची, एक ओळ मारायची. रागात माझे हात फार व्यवस्थित चालतात, हे मला पूर्वीपासून माहीत आहे. मुलगी शाळेतून आली, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारता स्वतःच दूध घेतलं. संध्याकाळपर्यंत मुख्य मशीन आणि एक कामकरी तयार झालं. तिसऱ्यासाठी मी घाई केली: दुसऱ्याचीच नक्कल काढली. आणि यादीत तिसरं येईच ना. तिसरं आलं की दुसरं गायब, दुसरं आलं की तिसरं. मग लक्षात आलं की नक्कल काढताना नाव आणि ओळखही तीच गेली, त्यामुळे मुख्य मशीनला दोघं मिळून एकच वाटत होतं. ते शुक्रवारी सकाळी नीट करायचं ठरवलं.

उठण्यापूर्वी मी एक काम केलं. कॉम्प्युटरला पासवर्ड लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता दीर पुन्हा दारात. हातात फाइल, चेहरा पडलेला. "वहिनी, अर्ज माघारी आला. फोटोची साइज चुकली. आज लास्ट डेट हाय." त्यांना आत बसवून सासूबाई मागच्या खोलीत गेल्या आणि तशाच परत आल्या.

"हे काय मागतंय?"

"पासवर्ड," मी म्हणाले. मी भाजी चिरत होते.

"मग टाक की."

"आज नाही. माझं चार वाजता काम आहे. अजून एक मशीन नीट करायचंय. आज कॉम्प्युटर कुणाला मिळणार नाही."

नवरा पेपर खाली ठेवून म्हणाला, "अगं, दहा मिनिटांचं काम आहे त्याचं."

"कालही दहा मिनिटांचंच होतं."

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्या ओरडत नाहीत, त्यांना गरज पडत नाही. म्हणाल्या, "पस्तीस वर्षं संसार केला मी. घरच्या माणसाला कुलूप लावलेलं नाय बघितलं."

त्यांच्या कमरेला, पदराखाली, कपाटाच्या किल्ल्या होत्या. रोज असतात. आंघोळीला जातानाही त्या किल्ल्या उशीखाली जातात, आणि त्या कपाटात माझेही दागिने आहेत. मी सुरी खाली ठेवली आणि त्या किल्ल्यांकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, बोलले. "आई, तुमच्या कपाटाला आहे ना कुलूप? त्याची किल्ली कधी कुणी मागितली तुमच्याकडे?"

त्यांनी पदर ओढून घेतला. नवरा म्हणाला, "ती गोष्ट वेगळी." मी विचारलं, कशी वेगळी.  आणि उत्तराची वाट न बघता मी दिरांकडे वळले. "भाऊजी, चौकात मेडिकलच्या शेजारी सेवा केंद्र आहे. फोटोची साइज ते पाच मिनिटांत करून देतील, अर्जही भरतील. आत्ता गेलात तर गर्दी नसेल."

दीर उठले. ते चांगले आहेत, हे मला लिहायलाच हवं. मला त्यांचा राग आला तो ते वाईट आहेत म्हणून नाही, त्यांना कुणी कधी नाही म्हटलेलंच नव्हतं म्हणून. चप्पल घालताना म्हणाले, "वहिनी, काल त्या फाइली लय महत्त्वाच्या होत्या का?" मी हो म्हणाले. ते खाली बघत जिना उतरले. त्यांचा अर्ज त्या दिवशी साडेअकराला भरला गेला. पावतीचा फोटो त्यांनी सगळ्यांना पाठवला, मलाही.

मी एक वाजेपर्यंत तिसऱ्या मशीनला नवं नाव, नवी ओळख दिली. आता यादीत तीन नावं. तयार, तयार, तयार. या वेळी टाळी वाजवली नाही. मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी घातली आणि चार वाजायची वाट बघितली.

पडद्यावर दोघं होते, एक मुलगी आणि एक मुलगा, दोघंही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मी यादी दाखवली, डबे दाखवले, मेमरी कशी वाटली ते सांगितलं. मुलगा म्हणाला, "ठीक. आता एक कामकरी मशीन बंद करून दाखवा."

मी दुसरं बंद केलं. इथे एक गोष्ट सांगायची राहिली. मशीन बंद पडलं की क्लस्टर लगेच धावाधाव करत नाही. मुख्य मशीनला अर्ध्या-पाऊण मिनिटात कळतं, पण त्यानंतर ते पाच मिनिटं थांबतं. कदाचित परत येईल, म्हणून. मग कामं हलवतं. हा वेळ कमी करता येतो, मी केलेला नव्हता. त्यामुळे आम्ही तिघं वाट बघत बसलो, आणि त्या वेळात मुलाने विचारलं, "मॅडम, मधली नऊ वर्षं तुम्ही काय केलं?"

"घर सांभाळलं. सासरे आजारी होते, मुलगी लहान होती."

"म्हणजे कामात नव्हता."

हे त्याने विचारलं नाही, तो ते लिहून घेत होता. बटणांचा आवाज येत होता. 

"कामात होते," मी म्हणाले. "पगारावर नव्हते. ते तसं लिहा, प्लीज."

बटणांचा आवाज थांबला. मुलगी खाली बघून हसली, की मला तसं वाटलं. आता नोकरी हातची गेली, असं मी मनात म्हटलं, आणि मला त्याचं वाईटही वाटेना. तेवढ्यात यादी हलली. मेलेल्या मशीनवरचा डबा तिसऱ्या मशीनवर उभा राहायला लागला, मग चालू झाला. प्रोग्राम एकदाही बंद पडला नव्हता.

मुलगी म्हणाली, "हे तुम्ही किती दिवसांत केलं?"

"पहिल्यांदा चार दिवसांत. दुसऱ्यांदा काल दुपारपासून आज दुपारपर्यंत." दुसऱ्यांदा का करावं लागलं, ते तिने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

नोकरी मिळाली. कळायला आठ दिवस लागले. सासूबाईंनी इमारतीत पेढे वाटले, आणि प्रत्येक दारात सांगितलं की आमच्या सुनेला आम्ही कशालाच आडकाठी करत नाही. मी मागे ताट धरून उभी होते. पेढे चांगले होते.

नवऱ्याने त्याच आठवड्यात पासवर्ड विचारला. "घरात अजून एकाला तरी माहीत असावा. उद्या तुला काही झालं तर?"

"मला काही झालं तर कॉम्प्युटरचीच काळजी आहे का?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

 मी पासवर्ड दिला नाही. अजून दिलेला नाही. तो अधूनमधून विचारतो, आता थट्टेत विचारतो, आणि मी थट्टेतही सांगत नाही. तो म्हणतो, एवढीशी गोष्ट तू किती दिवस धरून बसणार. मी त्याला सांगितलं की मोजू नकोस. हो, 'नकोस' म्हणाले. सासूबाई आत होत्या, त्यांनी ऐकलं असेल.

काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी अकराच्या सुमाराला, मी मागच्या खोलीत होते. दार अर्धवट उघडं होतं. पावलांचा आवाज आला आणि दारापाशी थांबला. आत कुणी आलं नाही. मी मान वळवली. दीर उंबऱ्याबाहेर उभे होते, हातात कसलीशी फाइल, टोपी काढून दुसऱ्या हातात धरलेली.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही कधी मोकळ्या व्हाल?"

लग्न होऊन मी या घरात आले त्याला तेरा वर्षं झाली. तेरा वर्षांत हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मला बरं वाटायला हवं होतं, दिरांचं कौतुक वाटायला हवं होतं, निदान डोळ्यांत पाणी तरी यायला हवं होतं. पण इतका सोपा होता तो प्रश्न, तीन-चार शब्दांचा, कुणालाही कधीही विचारता आला असता. मला इतका राग आला की मी "सहानंतर" एवढंच म्हणाले आणि उठून दार लावून घेतलं.